सदुसष्ट नॅनोसेकंदांचा हिशेब

डेटा सेंटरच्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला ६७.२ हा आकडा कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण काही वर्षांत तो आपोआप पाठ होतो. इथरनेटच्या तारेवरून माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत जाते, आणि पॅकेटाचे वेष्टन, म्हणजे फ्रेम, कमीत कमी ६४ बाइटांची असते. तिच्या आधी आठ बाइटांची पूर्वसूचना जाते आणि दोन फ्रेमच्या मध्ये बारा बाइटांइतकी जागा मोकळी सोडावी लागते, त्यामुळे तारेवर प्रत्यक्षात ८४ बाइट खर्ची पडतात. सेकंदाला दहा गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवरून हे ८४ बाइट जायला ६७.२ नॅनोसेकंद लागतात, आणि त्या हिशेबाने सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजारांहून थोडी जास्त पॅकेटे येऊ शकतात. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला एवढ्या अवधीत क्लॉकचे साधारण दोनशे ठोके मिळतात. त्या दोनशे ठोक्यांत पॅकेट उचलायचे, ते कुणाचे आहे हे पाहायचे, कुठे पाठवायचे ते ठरवायचे, गरज असेल तर पत्ता बदलायचा आणि पुढे ढकलायचे, कारण तोवर पुढचे पॅकेट येऊन ठेपलेले असते.

हा अवधी किती तोकडा आहे हे दोन गोष्टींवरून कळते. काचतंतूतून जाणारा प्रकाश एवढ्या वेळात जेमतेम साडेतेरा मीटर पुढे सरकतो, म्हणजे डेटा सेंटरमधली रॅकची एखादी लांब रांगही तो ओलांडत नाही. दुसरी गोष्ट आमच्या कामाच्या दृष्टीने जास्त बोचरी आहे. प्रोसेसरला हवी असलेली माहिती जवळच्या कॅशेमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या लहान, जलद साठ्यात, सापडली नाही आणि ती आणायला मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तर त्या एका खेपेला साठ ते शंभर नॅनोसेकंद लागतात. अशी एक खेप झाली की त्या पॅकेटाच्या वाट्याचा वेळ तिथेच संपला, बाकीचे काम उसनवारीवर.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे काम साध्या सर्व्हरवर, सॉफ्टवेअरमध्ये करायचे असे कुणी म्हटले असते, तर अनुभवी मंडळींनी हसून विषय बदलला असता. त्यासाठी स्विच आणि राउटर होते आणि त्यांच्या पोटात त्याच एका कामासाठी घडवलेल्या चिप होत्या. आज मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये दोन व्हर्च्युअल मशीनमधले (म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांमधले) पॅकेट एकदा निघताना आणि एकदा पोचताना अशा सॉफ्टवेअरच्या, किंवा त्या सॉफ्टवेअरने चालवलेल्या कार्डाच्या, हातून जातेच. मी पुण्यात याच जातीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. या प्रवासाची हकिकत सांगताना लोक वेगाचे आकडे सांगतात आणि ते सांगण्यासारखे आहेतही. पण मला स्वतःला दुसऱ्याच एका प्रश्नाने जास्त गुंतवून ठेवले आहे. वेगासाठी जे जे काढून टाकले, ते पुढे कुणी उचलले?

सुरुवात इंटरप्टपासून करावी लागेल. जुनी रीत अशी होती की पॅकेट आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देई, प्रोसेसर हातातले काम जिथल्या तिथे ठेवून पॅकेटाकडे वळे, ते रांगेत लावी आणि मग आपल्या मूळ कामावर परते. पॅकेटे अधूनमधून येत असतील तर यापेक्षा शहाणी व्यवस्था नाही. पण ती फार वेगाने येऊ लागली की काय होते, हे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली एका निबंधात नेमके मांडले. भार एका मर्यादेपलीकडे गेला की यंत्राचा सगळा वेळ इंटरप्टला उत्तरे देण्यातच जातो. आलेली पॅकेटे रांगेत लागतात, पण रांगेतून उचलून त्यांचे पुढचे काम करायला प्रोसेसरला सवडच मिळत नाही, आणि शेवटी रांग भरून ती फेकली जातात. भार वाढत जातो तसे पार पडणारे काम कमी होत होत शून्यावर येते. यंत्राला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि हातून काम मात्र काहीच होत नाही, ही अवस्था ज्यांनी कार्यालयात अनुभवली आहे त्यांना ती पटकन समजते. मोगल-रामकृष्णन यांचा तोडगा असा की भार चढला की इंटरप्ट बंद करावेत आणि प्रोसेसरने स्वतःच ठरावीक वेळाने कार्डाकडे जाऊन पॅकेटे आणावीत, तीही एका वेळी मर्यादित संख्येने. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही कल्पना पुढे ‘नापी’ या नावाने आली आणि तिथे एका फेरीत एका रांगेतून साधारणपणे ६४ पॅकेटांची मर्यादा असते.

इंटरप्टचा प्रश्न असा बराचसा सुटला, तरी दोनशे ठोक्यांचा हिशेब जुळत नव्हता, कारण इंटरप्ट हा खर्चाचा एक भाग होता. लिनक्स प्रत्येक पॅकेटासाठी ‘एसके-बफ’ नावाची एक नोंद तयार करते आणि ही नोंद दोनशेहून अधिक बाइटांची असते, म्हणजे ६४ बाइटांच्या पॅकेटामागे त्याच्या तिपटीहून मोठी कागदपत्रे. पिसा विद्यापीठातील लुइजी रिझ्झो यांनी फ्रीबीएसडी या प्रणालीवर एक सरळ मोजमाप केले. एखाद्या प्रोग्रामने पॅकेट पाठवण्याची विनंती केल्यापासून ते कार्डाच्या स्वाधीन होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी पायरीपायरीने पाहिले आणि उत्तर आले सुमारे ९५० नॅनोसेकंद. त्या तक्त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्यात एकच मोठा गुन्हेगार सापडत नाही. सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रणालीकडे विनंती नेण्यात, थोडा वेळ जातो, मेमरी मागण्यात थोडा, बाइटांची नक्कल करण्यात थोडा, कुलपे लावण्या-काढण्यात थोडा, मार्ग शोधण्यात थोडा, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कोडमध्ये, थोडा. प्रत्येक पायरी कधीतरी कुणीतरी सद्हेतूने घातलेली असते. नक्कल यासाठी की एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येऊ नये. कुलूप यासाठी की दोघांनी एकाच वेळी एकच रांग बिघडवू नये. रांगांचे नियम यासाठी की एका बकासुराने सगळी तार गिळू नये. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणा एकासाठी धावत नाही.

मग दोन हजार दहाच्या आसपास अनेकांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली, की कर्नलला वळसा घालायचा. रिझ्झो यांनी २०१२ मध्ये मांडलेले ‘नेटमॅप’ आणि इंटेलमध्ये सुरू झालेले ‘डीपीडीके’ ही त्यातली दोन ठळक नावे, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. नेटमॅपमध्ये कार्डाच्या रांगा आणि बफर, म्हणजे पॅकेटे ठेवायच्या जागा, प्रोग्रामला थेट दिसतील अशा सामायिक मेमरीत ठेवले जातात, पण कार्डाचा ताबा कर्नलकडेच राहतो. प्रोग्राम पॅकेटांचा जथाच्या जथा तयार करतो आणि एकाच सिस्टिम कॉलने कर्नलला कळवतो, आणि प्रोग्रामने काही वेडेवाकडे केलेले नाही ना हे कर्नल तपासून पाहतो. एवढ्या बदलाने ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एकाच कोअरने, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकाच भागाने, दहा गिगाबिटची तार सर्वांत लहान पॅकेटांनी पूर्ण भरून दाखवली. म्हणजे पॅकेटामागे साधारण साठ ठोके. गणित तेच होते आणि कार्डही तेच, फक्त मधली औपचारिकता शेकडो पॅकेटांमध्ये वाटली गेली होती.

डीपीडीके अधिक टोकाला गेले. त्यात कार्ड कर्नलकडून काढूनच घेतले जाते आणि ड्रायव्हर प्रोग्रामच्या आत राहायला येतो. मेमरीच्या चार किलोबाइटच्या नेहमीच्या पानांऐवजी दोन मेगाबाइटची किंवा एक गिगाबाइटची मोठी पाने वापरून पत्ते शोधण्याची कटकट कमी केली जाते, सगळे बफर सुरुवातीलाच मागून ठेवले जातात, आणि एकेका कोअरला एकेक काम नेमून देऊन त्यावर दुसऱ्या कुणाला फिरकू दिले जात नाही. इंटरप्ट नाहीत, सिस्टिम कॉल नाहीत, नक्कल नाही. इंटेलमधील वेंकी वेंकटेशन यांना या कामाचे जनक मानतात. २०१८ मध्ये ते वारले, तोवर हा प्रकल्प इंटेलच्या भिंतीबाहेर येऊन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलेला होता. इतर कंपन्यांच्या कार्डांचे ड्रायव्हरही त्यात आले, आणि आज पुण्या-बंगळूरच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘डीपीडीके येणे आवश्यक’ ही ओळ सर्रास दिसते.

रचनेच्या दृष्टीने मला नेटमॅप अधिक आवडते, हे इथे सांगून टाकतो. आपली मर्यादा ओळखून कर्नलशी संसार टिकवणारी ती रचना आहे. पण उद्योगाने डीपीडीके निवडले, आणि त्यामागे चांगले कारण होते. ज्याने कार्ड विकले त्यानेच ड्रायव्हर लिहून दिला, तो सांभाळला, आणि नवे कार्ड बाजारात आले की त्याच्यासोबत नवा ड्रायव्हरही आला. चांगल्या रचनेपेक्षा सतत सांभाळली जाणारी रचना जिंकते, हे आमच्या धंद्यात वारंवार दिसते.

या काळातली आणखी एक कल्पना मला फार देखणी वाटते. सिस्कोमध्ये तयार झालेले आणि २०१६ मध्ये खुले झालेले ‘व्हीपीपी’ हे सॉफ्टवेअर पॅकेटे एकेक करून हाताळत नाही. पूर्वीची पद्धत म्हणजे एका पॅकेटाला सगळ्या पायऱ्यांवरून न्यायचे आणि मग दुसरे घ्यायचे. त्यात प्रत्येक पायरीचा कोड प्रोसेसरच्या कॅशेमध्ये येतो आणि पुढच्या पायरीच्या कोडला जागा देण्यासाठी बाहेर पडतो, पुन्हा पुढच्या पॅकेटासाठी आत येतो. व्हीपीपी एका वेळी २५६ पर्यंत पॅकेटे घेते आणि पहिली पायरी त्या सगळ्यांवर करूनच दुसरीकडे वळते. आपल्याकडे पंगतीत वाढपी हेच करतो. मिठापासून ताकापर्यंत सगळे एका पानावर वाढून मग शेजारच्या पानाकडे कुणी जात नाही, वरणाचे भांडे घेतले की तो रांगेच्या टोकापर्यंत वरणच वाढत जातो. पहिल्या पॅकेटाने कोड कॅशेमध्ये आणण्याचा दंड भरला की उरलेली अडीचशे पॅकेटे फुकटात जातात. यातली खुबी अशी की भार वाढला की जथा मोठा होतो आणि प्रत्येक पॅकेटामागचा खर्च उलट कमी होतो. १९९६ च्या त्या निबंधातले यंत्र भाराखाली कोलमडत होते, आणि हे यंत्र भाराखालीच जास्त काटकसरी होते.

आता या वेगाची किंमत. डीपीडीकेचा कोअर इंटरप्टची वाट पाहत झोपत नाही, तो अखंड कार्डाकडे पाहत फिरत राहतो. पॅकेट असो वा नसो, तो शंभर टक्के व्यग्र. एका ग्राहकाकडे आमचे सॉफ्टवेअर नुकतेच बसवले होते, तेव्हा रात्रपाळीच्या देखरेख-विभागातून मला फोन आला.

“सर, तुमच्या सर्व्हरवर दोन कोअर अडकलेत. ट्रॅफिक काहीच नाही आणि टॉप कमांडमध्ये शंभर टक्के दाखवतंय. प्रोसेस मारून टाकू का?”

“नको हो. ते अडकलेले नाहीत, काम करतायत.”

“कसलं काम? पॅकेट तर एकही नाहीये.”

“पॅकेट आलं का, ते बघायचं काम.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, “मग खरंच अडकले तर आम्हाला कळणार कसं?” त्या रात्री मी त्यांना काहीतरी तात्पुरते उत्तर दिले, पण हा प्रश्न अगदी योग्य होता. ‘कोअर किती व्यग्र आहे’ हे मोजणे म्हणजे यंत्राच्या प्रकृतीची नाडी, आणि ती नाडीच आम्ही निरर्थक करून ठेवली होती. कर्नल ती माहिती आजवर आपसूक देत आला होता. ती आता आमच्या प्रोग्रामला स्वतः मोजून द्यावी लागते, म्हणजे किती फेऱ्या रिकाम्या गेल्या, किती फेऱ्यांत पूर्ण जथा मिळाला, आणि त्यावरून खरा भार किती हे सांगावे लागते. वीज वाचवण्याच्या सोयीही डीपीडीकेमध्ये नंतर आल्या, ज्यांत रिकाम्या फेऱ्या वाढल्या की कोअरचा वेग उतरवतात किंवा पुन्हा इंटरप्टची वाट पाहू देतात. पुढच्या दाराने हाकललेला इंटरप्ट असा मागच्या दाराने आत आला.

असाच दुसरा धक्का नव्या माणसाला ‘टीसीपीडंप’ हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन चालवल्यावर बसतो. कार्ड कर्नलकडून काढून घेतले की लिनक्सच्या दृष्टीने ते इंटरफेस, म्हणजे नेटवर्कची जोडणी, उरतच नाही. यादीत नाव नाही, आकडेवारी नाही, टीसीपीडंपला काही दिसत नाही, फायरवॉलचे नियम लागू होत नाहीत. एवढेच काय, शेजारच्या यंत्राने ‘हा पत्ता कुणाचा’ अशी एआरपी विचारणा केली तर तिला उत्तर देणारेही कुणी नसते. टीसीपीची, म्हणजे हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवून त्यांचा क्रम राखणाऱ्या नियमांची, अंमलबजावणीही नाही, आणि टीसीपी ही काही शनिवार-रविवारी लिहून टाकण्याची गोष्ट नव्हे. लिनक्समधल्या टीसीपीमध्ये कित्येक वर्षांच्या बारीकसारीक दुरुस्त्या मुरलेल्या आहेत. म्हणून जो कुणी कर्नल सोडून बाहेर पडला, तो हळूहळू स्वतःचा लहानसा कर्नलच लिहू लागला. मी अशी सॉफ्टवेअरे पाहिली आहेत ज्यांच्यात पॅकेट पुढे ढकलण्याचा भाग जेमतेम काही शे ओळींचा आहे आणि बाकीचा डोलारा कर्नलकडून जे सुटले ते परत उभे करण्यासाठी आहे.

एवढा खटाटोप डेटा सेंटरमध्येच का झाला, याचे कारण क्लाउडच्या रचनेत आहे. एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन राहतात, प्रत्येकाला वाटते की आपले स्वतःचे खासगी नेटवर्क आहे, आणि ग्राहक रोज नियम बदलतात. हे बदल रॅकमधल्या स्विचच्या चिपमध्ये उतरवणे अशक्य होते, म्हणून ते काम सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअर स्विचकडे आले. मार्टिन कसाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निसिरा कंपनीतून निघालेला ‘ओपन व्हीस्विच’ हा त्यातला सर्वांत माहितीचा. व्हीएमवेअरने २०१२ मध्ये ही कंपनी १.२६ अब्ज डॉलर देऊन घेतली. या स्विचची युक्ती म्हणजे एखाद्या प्रवाहाच्या, म्हणजे त्याच दोन टोकांमधल्या पॅकेटांच्या ओघाच्या, पहिल्या पॅकेटासाठी सगळे नियम नीट तपासायचे आणि निकाल लक्षात ठेवायचा. त्यामागच्या पॅकेटांना तोच निकाल लावायचा. पण हे सगळे करणारे कोअर शेवटी ग्राहकाला विकता आले असते असे कोअर असतात. मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी २०१८ च्या निबंधात हा हिशेब उघड मांडला आहे: एक कोअर तासाला साधारण दहा-अकरा सेंट भाड्याने जातो, म्हणजे वर्षाला सुमारे ९०० डॉलर. पॅकेटे वाहण्यासाठी असे चार-पाच कोअर लाखो सर्व्हरांवर राखून ठेवणे कुणालाही परवडणारे नाही. म्हणून अ‍ॅझ्युअर या त्यांच्या क्लाउडने २०१५ च्या अखेरीपासून आपल्या नव्या सर्व्हरांवर एफपीजीए बसवलेली कार्डे घातली, ज्यांच्यातले सर्किट पुन्हा प्रोग्राम करून बदलता येते. नियम सॉफ्टवेअर ठरवते, पहिले पॅकेट सॉफ्टवेअर पाहते, आणि नंतरचा प्रवाह कार्ड स्वतः वाहून नेते. दोन व्हर्च्युअल मशीनमधला टीसीपीचा प्रवास त्यांनी पंधरा मायक्रोसेकंदांच्या आत आणला. (अ‍ॅझ्युअरचे ‘सेंट्रल इंडिया’ नावाचे केंद्र पुण्यात आहे. मी याच शहरात राहून यावर काम करतो, पण त्या इमारतीच्या फाटकाशीही कधी जाण्याचा प्रसंग आलेला नाही; या धंद्यात आपले यंत्र डोळ्यांनी पाहण्याची सवय उरत नाही.)

गूगलने वेगळी वाट धरली आणि मला ती जास्त विचार करायला लावणारी वाटते. २०१९ मध्ये त्यांनी ‘स्नॅप’ नावाच्या व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. त्यात नेटवर्कचे काम कर्नलमधून काढून एका स्वतंत्र, नेहमीच्या प्रोसेसकडे दिले आहे. सर्व्हरवरचे बाकीचे प्रोग्राम तिच्याशी सामायिक मेमरीतून बोलतात. दर कोअरमागे तिपटीहून अधिक काम झाले, हा आकडा सगळे सांगतात. पण निबंधातले खरे कारण माझ्या मते वेगळ्याच ठिकाणी आहे. कर्नलमध्ये केलेला नेटवर्कचा बदल त्यांच्या साऱ्या यंत्रांवर पोचायला महिना-दोन महिने लागत, कारण कर्नल बदलायचा तर यंत्र रिकामे करून पुन्हा सुरू करावे लागते. स्नॅप मात्र दर आठवड्याला बदलता येते, आणि तेही वरचे प्रोग्राम जागचे न हलवता. जुनी प्रोसेस आपली अवस्था नव्या प्रोसेसच्या स्वाधीन करते आणि निवृत्त होते. म्हणजे कर्नल सोडण्याचा मोठा लाभ नॅनोसेकंदांत नव्हताच, तो दुरुस्ती किती लवकर घराघरांत पोचते यात होता. कर्नलची जी कामे इतरांना बाहेर पडल्यावर जड गेली, म्हणजे वाटणी, मोजदाद, सुरक्षा, ती इथे एका प्रोसेसला रीतसर नेमून दिली आहेत. कोअर किती वापरायचे हेही भारानुसार कमीजास्त करण्याची सोय ठेवली आहे. लेखकांनीच उपशीर्षकात मायक्रोकर्नलचे, म्हणजे बहुतेक कामे बाहेरच्या प्रोसेसना देणाऱ्या लहान कर्नलचे, नाव घेतले आहे, त्यामुळे कर्नलची बदनामी करण्याचा त्यांचा हेतू नव्हता हे उघड आहे.

दरम्यान कर्नलवालेही हातावर हात धरून बसलेले नव्हते. स्टीव्हन मॅकान आणि व्हॅन जेकबसन यांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत पॅकेटे गाळण्यासाठी कर्नलच्या आत चालणारी एक इवलीशी आज्ञाभाषा केली होती, जिच्यावर टीसीपीडंप आजही उभा आहे. २०१४ मध्ये तिचा विस्तार होऊन ‘ईबीपीएफ’ आली आणि २०१६ मध्ये, लिनक्सच्या ४.८ आवृत्तीत, ‘एक्सडीपी’. आता तुम्ही लहानसा प्रोग्राम लिहून कर्नलच्या स्वाधीन करता. कर्नल तो आधी तपासतो, म्हणजे तो कुठेतरी संपतो ना, परक्या मेमरीला हात लावत नाही ना, हे पाहतो. आणि मग एसके-बफची कागदपत्रे तयार होण्याआधीच, ड्रायव्हरच्या पातळीवर, प्रत्येक पॅकेटासाठी तो चालवतो. २०१८ च्या मोजमापात एका कोअरने सेकंदाला २ कोटी ४० लाख पॅकेटे फेकून दाखवली. डीपीडीके त्याच यंत्रावर याहून वेगवान होते, हे त्या लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण ट्रॅफिक नसताना एक्सडीपीचा कोअर झोपतो, इंटरफेस यादीत दिसते, आणि जे पॅकेट आपल्याला कळत नाही ते सरळ कर्नलकडे सोपवता येते. फेसबुकने २०१८ मध्ये खुला केलेला ‘कट्रान’ हा लोड बॅलन्सर, म्हणजे येणारे काम अनेक सर्व्हरांत वाटणारा प्रोग्राम, यावरच चालतो. हल्ल्याच्या वेळी कोट्यवधी निरुपयोगी पॅकेटे दारातच फेकण्यासाठी तर मला याहून सोपे साधन माहीत नाही. नवे काम हाती आले की हल्ली मी आधी एक्सडीपीमध्ये भागते का ते पाहतो, आणि भागत नसेल तरच डीपीडीकेकडे जातो. तरुण सहकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटतो, पण रात्रीचे फोन माझ्याकडे येतात.

सरासरी वेगाच्या या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, आणि डेटा सेंटरमध्ये नेमकी तीच जास्त छळते. गूगलमधील जेफ डीन आणि लुइझ बरोसो यांनी २०१३ मध्ये एक साधे गणित मांडले होते. समजा एखादा सर्व्हर शंभरातून एकदाच उशीर करतो. आता एका प्रश्नाचे उत्तर द्यायला अशा शंभर सर्व्हरांना एकाच वेळी विचारावे लागत असेल, तर शंभरातून त्रेसष्ट प्रश्नांना निदान एकाचा तरी उशीर भोवतो. म्हणून शंभरावा सर्व्हर, म्हणजे सर्वांत मंद उत्तर, हाच खरा वेग. राखीव कोअर अखंड फिरत ठेवण्यामागे हेही एक समर्थनीय कारण आहे, कारण झोपलेल्या कोअरला जागे करण्यात जे मायक्रोसेकंद जातात ते याच मंद उत्तरांच्या शेपटीत जमा होतात. एमआयटीमध्ये एमी ऑस्टरहाउट, हरी बालकृष्णन आणि इतरांनी २०१९ मध्ये ‘शेनँगो’ करून दाखवले, त्यात एकच कोअर सतत पहारा देतो आणि बाकीचे कोअर दर पाच मायक्रोसेकंदांनी गरजेप्रमाणे या प्रोग्रामकडून त्या प्रोग्रामकडे फिरवतो. कोअर कुणाला द्यायचा हे ठरवणे हे तर कर्नलचे सर्वांत जुने काम. ते काढून घेतले, आणि अधिक चपळपणे करणारा दुसरा कारभारी त्याच खुर्चीत बसवला.

आता तारा शंभर, दोनशे, चारशे गिगाबिटच्या आहेत. शंभर गिगाबिटवर ६७.२ चे ६.७२ होतात आणि दोनशे ठोक्यांचे वीस. एका कोअरला यात काही शहाणपणाचे करणे शक्य नाही. म्हणून कार्ड पॅकेटाच्या पत्त्यांवरून एक आकडा काढते आणि त्या आकड्याप्रमाणे पॅकेटे अनेक कोअरांमध्ये वाटते. एका प्रवाहाची पॅकेटे मात्र एकाच कोअरकडे जातात, कारण त्यांचा क्रम बिघडून चालत नाही, आणि त्यामुळे एखादा अवजड प्रवाह एका कोअरला घामाघूम करतो आणि शेजारचे कोअर रिकामे बसतात. यावर दरवर्षी नवे उपाय येतात, आणि दरवर्षी नवा अवजड प्रवाह येतो, विशेषतः मोठी एआय मॉडेल शिकवणारी यंत्रे डेटा सेंटरमध्ये आल्यापासून.

त्यामुळे काम पुन्हा कार्डाकडे सरकते आहे, फक्त ते कार्ड आता पूर्वीसारखे मुके राहिलेले नाही. एनव्हिडियाच्या ब्लूफील्डसारख्या कार्डावर आर्म कोअर असतात, स्वतःची मेमरी असते, त्यावर पूर्ण लिनक्स चालते, आणि त्या लिनक्सवर ओपन व्हीस्विच आणि डीपीडीके चालवता येतात. म्हणजे सर्व्हरचा कोअर मोकळा झाला आणि कार्डाचा कोअर फिरू लागला. एका सर्व्हरच्या जागी दोन संगणक झाले, आणि दुसऱ्याच्या कर्नललाही सुरक्षेच्या दुरुस्त्या लागतात, त्याच्याही नोंदी साठवाव्या लागतात, तोही मधूनच पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तसे करताना पहिल्याचे नेटवर्क जाते. आमच्या ओळखीच्या बहुतेक संघांत सध्या याच गोष्टीवर वाद आहे, की कार्डावरच्या लिनक्सच्या दुरुस्त्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वेळापत्रकात घ्यायच्या की नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या. माझे मत नेटवर्कच्या बाजूने आहे. ते कार्ड सर्व्हरच्या खोबणीत बसत असले आणि वीजही त्याच्याकडूनच घेत असले, तरी ते बंद पडल्यावर पहिला फोन नेटवर्कवाल्यांनाच येतो. सर्व्हर-विभागाने अजून होकार दिलेला नाही.